अर्धी दाढी

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत, आणि ते काही उगाच नाही. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की याच्या तोंडाचा पट्टा सुरू.

त्या तोंडानेच घात केला. गोदामात पोती उचलताना त्याच्या थोरल्या भावाची पाठ धरली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं थांबलं, गोळ्या मात्र थांबेनात. जेवताना घास हातात तसाच ठेवून दादा पेंगू लागला, तेव्हा वहिनी सलूनमध्ये येऊन रडली. “भाऊजी, तुमचं तरी ऐकतील.” रेडिओने दादाला खुर्चीत बसवलं आणि चार गिऱ्हाइकांदेखत फैलावर घेतलं. दादा उठून गेला, तो पुन्हा तिकडे फिरकला नाही.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत असल्या गोळ्यांत अडकलेल्यांच्या घरच्यांसाठी मोफत प्रशिक्षण सुरू झालं, तेव्हा रेडिओ गेला. फुकट ते पौष्टिक! श्वास मंदावला तर मदत कशी बोलवायची आणि नाकात औषधाचा फवारा कसा मारायचा, हे नर्सबाईंनी दाखवलं. फवाऱ्याची बाटली रोज हाताळणाऱ्याला ते चटकन जमलं. मग बाई म्हणाल्या, “आता जोड्या करा. प्रश्न विचारायचा, आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प बसायचं.” इथे गाडी अडली. दर वेळी प्रश्न विचारून हाच उत्तर देऊन मोकळा.

“काका, उत्तर मी द्यायचं होतं ना?” त्याच्या जोडीची शिक्षिका म्हणाली. सगळे हसले. तोही हसला, पण घरी जाताना दादाचा उतरलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी तो दादाच्या दारात उभा राहिला. “दाढी किती वाढलीय! चल.” काय वाटलं कोण जाणे, दादा आला.

दुपारची वेळ, सलून रिकामं. एक गाल झाला. “दादा, पाठ कशी आहे?” रेडिओने विचारलं आणि ओठ घट्ट मिटले. उपदेश नुसता जिभेवर नाचत होता. त्याने वस्तरा धुतला, पुसला, पुन्हा धुतला.

“पाठ कधीच बरी झाली,” दादा शेवटी म्हणाला. “गोळ्या सुटत नाहीत रे. नाही घेतल्या तर जीव नकोसा होतो. घेतल्या की वाटतं, झोपेतच जाईन. भीती वाटते मला.”

रेडिओने वस्तरा खाली ठेवला. छातीवरचा धोंडा उतरला होता. दादा जिवंत होता, समोर बसून खरं बोलत होता. आणखी काय हवं?

“यावर औषधं आहेत, दादा. हळूहळू सुटतं. वाचनालयाच्या वर नर्सबाई असतात, त्यांच्याकडे जायचं?”

“उद्या बघू.”

“आत्ताच.”

“अरे, अर्धी दाढी राहिलीय!”

“राहू दे की!”

रस्त्यात लोक वळून बघत होते. दादाने एकदा गालाला हात लावला आणि कितीतरी दिवसांनी खुदकन हसला.

वरच्या खोलीत नर्सबाई खुर्च्या लावत होत्या. “या! आज कोणासाठी आलात?”

रेडिओने तोंड उघडलं आणि मिटलं.

“माझ्यासाठी,” दादा म्हणाला.