ताकद वाढवायची की गाडी बदलायची?

मंडळी, माझ्याकडे बारा वर्षांची टर्बो पेट्रोल गाडी आहे. हिचंच इंजिन ट्यून करून ताकद वाढवायची, की ही विकून नवी जोरदार गाडी घ्यायची, असा महिनाभर माझा घोळ चालला होता.

आज सकाळी ट्यूनिंग करणाऱ्या मुश्ताकभाईंना शेजारी बसवलं आणि लासूर स्टेशनच्या रस्त्याला निघाले. काम हातात घ्यायच्या आधी त्यांना गाडी पळताना बघायची होती.

रस्ता मोकळा दिसला आणि मी गाडी ताणली. लई भारी पळाली. तेवढ्यात शेतातून शेळ्या रस्त्यावर आल्या. मी ब्रेक पूर्ण दाबला. गाडी डावीकडं ओढली गेली आणि पहिल्या शेळीपासून हातभर अंतरावर थांबली.

शेळ्यांमागच्या मावशी ओरडल्या नाहीत. काचेजवळ येऊन म्हणाल्या, "बाई, पळती तर लई. थांबाया येत नाय व्हय तिला?"

मी खाली उतरले आणि किल्ली मुश्ताकभाईंच्या हातात दिली.

परतताना मुश्ताकभाईंनीच गाडी चालवली, तीही अगदी हळू. म्हणाले, "ताई, इंजिन में दम बहोत है. पैले ब्रेक और टायर बदलते. उसके बाद भी दिल नहीं भरा, तो नई लेना."

गाडी त्यांच्या गॅरेजात सोडून रिक्षानं घरी आले. ट्यूनिंग रद्द केलं, नव्या गाडीची टेस्ट ड्राइव्हही.

महिनाभर मी ताकद कमी पडते म्हणत होते, पण ब्रेक शेवटचे कधी तपासले ते मला आठवेना. तुम्हाला तुमचे आठवतात का?