दादांनी पटाशी घेतली तो दिवस

दादा गेल्याची तार सांगलीत माझ्या कचेरीत आली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि मी पेन्सिलीला टोक करत बसलो होतो. तार हातात घेऊन हेडक्लार्क माझ्या टेबलाशी आले आणि दोनदा खाकरले. शाळेत फळ्यावर चित्र काढता काढता दादा खाली बसले आणि उठलेच नाहीत... एवढंच. मिळेल त्या गाडीनं साताऱ्याला पोचलो तोवर माहुलीच्या घाटावर सगळं उरकलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले. भेटणारा प्रत्येक जण सांगतो, तुमचे बंधू म्हणजे देवमाणूस. मला हे ऐकून चीड येते. दादा हट्टी होते, तोंडानं तिखट होते, आणि नवं हत्यार विकत घ्यायचं म्हटलं की त्यांच्याइतका चेंगट माणूस अख्ख्या साताऱ्यात सापडला नसता. माझा डावा गुडघा आज जागेवर आहे तो त्यांच्यामुळे. तो जायची वेळ आली होती ती मात्र माझ्यामुळे. हे मी आजवर कुठं बोललो नाही, म्हणून आज लिहितो आहे.

आमचं मूळ घर जावळीतलं, मेढ्याकडचं. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे, साताऱ्यात ड्रॉइंगमास्तर. शाळेत अगदी शुद्ध बोलायचे, घरात पाऊल टाकलं की जावळीचं. मागच्या पडवीत त्यांचा 'कारखाना' होता. हा शब्द वहिनींचा, आणि त्या तो नाक मुरडूनच उच्चारायच्या. एक जाड फळीचं टेबल, लाकूड धरायचा शिकंजा, दोन करवती, एक रंधा, चार सरळ पटाश्या, बस्स. शाळेतून आले की कोट खुंटीला आणि मास्तर पडवीत. गल्लीतले पाट, पाळणे, मोडक्या खुर्च्या सगळ्या तिथं यायच्या. हत्यारं मात्र सगळी वडिलांच्या वेळची. शेजारचे तात्या म्हणायचे, "मास्तर, तुमच्या करवतीचं बोळकं झालंय, कवळी तरी बसवा तिला!" दादा हसायचे नाहीत. त्यांचा एक नियम होता आणि तो ते कुणालाही ऐकवायचे. "काम अडलं म्हणून हत्यार घ्यायचं न्हाई. का अडलं ते आधी सांगता आलं पायजे. हाताची चूक असंल तर नवं हत्यारबी तीच चूक करंल, फकस्त चकचकीत करंल."

लढाई संपत आली त्या वर्षी मी ब्रह्मदेशातून परत आलो तो कुबड्यांवर. सुरुंगानं डावा पाय गुडघ्याखाली चार बोटांवर तुटला होता. गुडघा शाबूत होता, आणि डॉक्टरांनी मला पुन्हापुन्हा बजावलं होतं की गुडघा आहे तोवर तू चालणारा माणूस आहेस, तो गेला तर गोष्ट वेगळी. सरकारी पायासाठी नाव नोंदवलं होतं, पण नंबर कधी लागेल याचा पत्ता नव्हता. इकडं सांगलीच्या एका कचेरीत माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. साहेब म्हणाले होते, दोन महिन्यांत चालत या, मग बघू. दादांनी सगळं ऐकून घेतलं, माझा उरलेला पाय सुतळीनं मापला आणि म्हणाले, "म्या करतो."

त्यांनी शिवणीचं हलकं लाकूड आणलं. बाहेरून पोटरीचा आकार त्यांनी आठ दिवसांत असा काढला की वहिनींनी त्यावरून हात फिरवला आणि पदर डोळ्याला लावला. खरी गोम आत होती. पायाचा खुंट ज्या पोकळीत बसायचा ती पोकळी आतून पेल्यासारखी गुळगुळीत हवी, आणि दादा ती कोरत होते सरळ पटाशीनं. सरळ पातं गोल पोकळीत फिरलं की आत बारीक धारा राहतात. त्या ते काचकागदानं घासत, बोट घालून चाचपत, पुन्हा घासत. त्याच सुमाराला पेठेतल्या लोखंडी सामानाच्या दुकानात बाकदार पात्याची एक विलायती पटाशी आली. एकच. लढाईमुळं असला माल दिसतच नव्हता. दुकानदारानं निरोप धाडला, मास्तर, आठ दिवस ठेवतो, मग गिऱ्हाईक थांबणार नाही.

दादा घ्यायला निघाले नाहीत. आधी पाय माझ्या खुंटावर चढवला, चांभारानं शिवून दिलेले पट्टे मांडीला आवळले, आणि मी उभा राहिलो. गल्ली गोळा झाली होती. वहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. तात्या रडत होते, त्यांना रडायला काही लागायचं नाही. दादा मात्र खाली उकिडवे बसून माझ्या तोंडाकडं बघत होते.

"बोचतंय का कुटं?"

आत नडगीच्या हाडावर एक धार सुरीसारखी लागत होती.

"न्हाई दादा. लय बेस बसलाय."

का बोललो असं? महिनाभर त्यांच्या हाताला फोड येऊन फुटत होते, ते मी पाहिलं होतं. ज्या भावानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्यानं केलेली वस्तू बोचते असं त्याला तोंडावर कसं सांगायचं? आमच्यात तसं सांगत नाहीत. पानात वाढलेलं आळणी असलं तरी आम्ही निमूट जेवतो. शिवाय सांगलीची जागा हातची जाईल ही धास्ती होतीच. पुढचे आठ दिवस दादा रोज संध्याकाळी तेच विचारायचे आणि मी तेच उत्तर द्यायचो, दिवसेंदिवस जास्त हसून. आठव्या दिवशी ते दुकानात गेले आणि परत आले ते छाती काढून. "सांगून आलो त्याला, दे म्हनलं कुनालाबी. आमच्या हाताला जमलं." एवढं खूश मी त्यांना त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी खोबऱ्याचा तुकडा चघळत मान हलवत होतो.

त्यानंतरचे बारा दिवस मी पायमोज्यावर पायमोजा चढवत काढले. मोजे स्वतः धुवायचो. एके सकाळी ताप चढला, उठवलं नाही, आणि वहिनींनी बादलीतला मोजा उचलला. त्यांची हाक अजून माझ्या कानात आहे. "आवं, हिकडं या! भावजींचा मोजा बघा!" दादा आले. पट्टे सोडले, लाकूड ओढलं, आणि जो वास सुटला त्यानं वहिनी भिंतीला टेकल्या. दादांनी जखम पाहिली. मग लाकडाच्या पोकळीत बोट घातलं, फिरवलं, एका जागी थांबवलं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "गाडी किती वाजता हाय मिरजंची?"

मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम धुतली, पांढरी पूड भरली आणि दादांना माझ्या देखत सांगितलं, "विष वर चढतं आहे. चार दिवस वाट पाहू. उतरलं तर ठीक, नाहीतर गुडघ्याच्या वरून कापावं लागेल." चार दिवस! पहिला दिवस दादा खाटेशेजारी बसून होते. मी माफी मागायला तोंड उघडलं की पाण्याचा पेला पुढं करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठून गेले. एक तास झाला, दोन झाले. मला वाटलं, टाकलं यांनी मला आणि गेले साताऱ्याला. मी खरंच रडलो.

ते गेले होते जवळच्या गल्लीत, सतार करणाऱ्यांच्या. चहा प्यायला म्हणून गेले आणि एका म्हाताऱ्या कारागिराला सतारीचा दांडा आतून कोरताना बघत उभे राहिले. त्याच्या हातात तसलीच बाकदार पात्याची पटाशी होती. दादांनी माझी सगळी कथा त्याला सांगितली, असं नंतर कळलं. मला तोवर अवाक्षर नव्हतं. म्हाताऱ्यानं स्वतःच्या लोहाराकडं नेऊन तशीच एक नवी मिळवून दिली. दुपारी व्हरांड्यातून मला दगडावर पातं घासल्याचा आवाज ऐकू आला. खस्स... खस्स... तिथल्या नर्सबाईनं दटावलं, तर दादा पायरीवर जाऊन बसले, पण घासायचं थांबवलं नाही. संध्याकाळी आत आले तेव्हा पटाशी हातात होती.

मी घाबरत विचारलं, "दादा, गुडगाच गेला तर हिचा काय उपेग? वरनं कापल्यावर घरी केलेला पाय चालायचा न्हाई."

"मग पडून ऱ्हाईल."

"तुमीच म्हनता न्हवं, का अडलं ते कळल्याबिगर..."

"कळलंय की." ते माझ्याकडं न बघता पातं धोतराला पुसत होते. "माजा भाऊ मला भितो म्हनून अडलं. त्येच्यावर बाजारात काय मिळत न्हाई. जे मिळालं ते घेतलं."

पुढचे दोन दिवस मी ताप उतरावा म्हणून देव पाण्यात घातले ते गुडघ्यासाठी की त्या पटाशीसाठी, हे मला नीट सांगता येणार नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली, बराच वेळ दाबून पाहिलं आणि मान हलवली. गुडघा राहिला होता. दादा उठून व्हरांड्यात गेले आणि खांबाला धरून उभे राहिले. त्यांची पाठ हलताना मला दिसत होती.

दुसरा पाय त्यांनी त्या पटाशीनं कोरला. साहेबांनी कुरकुर करत का होईना, जागा आणखी महिनाभर धरून ठेवली आणि मी सांगलीला चालत रुजू झालो. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी एका रविवारी दादा पिशवीत पटाशी घालून सांगलीला यायचे. चहा नंतर, आधी "काढ." मला खिडकीच्या उजेडात बसवायचे आणि खुंट अंगठ्यानं इंचइंच दाबत जायचे. दुखतं का हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. दाबताना बघायचे माझ्या चेहऱ्याकडं. पापणी जरा लवली की लाकूड मांडीवर घेऊन बसलेच कोरायला. मला संताप यायचा. बायकोसमोर, म्हणजे सुमनसमोर, बाजारातल्या बैलासारखी तपासणी! शेवटच्या खेपेला तर मी फटकन बोललो, "दादा, मी काय ल्हान हाय? दुखलं तर सांगीन की." त्यांचा अंगठा थांबला. "सांगशील?" म्हणाले, आणि पुन्हा दाबायला लागले.

परवाचा रविवार त्यांचा होता. वहिनींनी पटाशी माझ्याकडं दिली आहे, ती खिडकीत ठेवली होती. गेले दहा दिवस गुडघ्याखाली एक जागा लाल झाली होती. सुमननं दोनदा विचारलं, दोनदा मी काही नाही म्हणालो होतो. मी खिडकीच्या उजेडात जाऊन बसलो. मग पट्टे सोडले, पाय काढला आणि सुमनला हाक मारली. ती पिठाचे हात पुसत आली.

"काय झालं?"

"हितं," मी बोट ठेवून म्हणालो, "लय दुखतंय."