टोपाखाली निवांत

आमच्याकडे लोक नुसते पडून राहायला येतात, आणि त्यातूनच किस्से साठत जातात. वारज्यात आमची छोटी लॅब आहे. उपाशीपोटी यायचं, डोक्यावर पारदर्शक टोप घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं. झोपायचं नाही, बोलायचं नाही. काहीही न करता शरीर किती ऊर्जा जाळतं, ते मशीन श्वासावरून सांगतं. पण पुण्यात अर्धा तास न बोलणारा माणूस शोधून दाखवा!

*

पेठेतले एक निवृत्त मुख्याध्यापक आले. अगदी स्तब्ध पडले, तरी ग्राफ आपला वरच. मनात काही चाललंय का, असं मी विचारलं.

"सोसायटीच्या चेअरमनला उत्तर देतोय."

मनात भांडण पेटलं की नसा शरीरालाही कामाला जुंपतात, हे त्यांना समजावलं. त्यांनी तिथूनच चेअरमनला फोन लावला, मनसोक्त सुनावलं आणि परत आडवे झाले. मग ग्राफ मुकाट्यानं खाली आला.

*

कात्रजचा एक आयटीवाला घामाघूम होऊन आला. पहाटे टेकडी चढून आला होता म्हणे. का, तर "मॅडम, टेस्ट म्हटल्यावर प्रिपरेशन नको?" त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं.

*

आणि सुनंदाताई. अमरावतीकडच्या, आता इथेच राहतात. खाणं मोजकं, उपास भरपूर, तरी अंगावरची चरबी हलत नव्हती. सून चोरून खाते, असं सासूबाईंचं ठाम मत. फराळाचे डबे त्या स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवत. टेस्टलाही सोबत आल्या, बहुतेक पाळत ठेवायला. तशा त्याही अंगानं चांगल्याच भरलेल्या.

रिपोर्ट आला. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "ताई, तुम्ही खरं बोलताय. सतत उपाशी राहिल्यामुळे तुमच्या मज्जासंस्थेनं शरीराला काटकसर लावलीय. बसल्याजागी जेवढं जळायला हवं, तेवढं जळतच नाही. यावर उपचार करता येतील."

सुनंदाताईंनी इतका मोठा श्वास सोडला की मलाच मोकळं वाटलं. म्हणाल्या, "हे आईंसमोर सांगता का?"

सासूबाईंना आत बोलावलं. डॉक्टरांनी सगळं पुन्हा सांगितलं. सासूबाईंनी सुनेकडे बघितलं नाही, आमच्याकडेही नाही. मग पर्स खुर्चीवर ठेवली, चपला काढल्या आणि मशीनशेजारच्या पलंगावर जाऊन बसल्या.

"माझीबी करा. मालक गेले, पण मी चोरून खात नव्हते, हे त्यांनाबी सांगायचं राहिलं होतं."