धाकटी बाबांच्या छातीवर

जानेवारीत मुलुंडला डोंगराच्या बाजूला चांगली थंडी पडते, हे माझ्या माहेरी कुणाला पटत नाही. माझ्या जुळ्या मुली आठव्या महिन्यातच जन्मल्या आणि दोन किलोही न भरता घरी आल्या, त्या जानेवारीत आमच्या खोलीत हीटर सतत चालू असायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरींना गार पडू द्यायचं नाही.

एका सकाळी सहाच्या सुमाराला लाइट गेली. नवरा अंधेरीला रात्रपाळीवर होता. चौकशी केली तर कळलं, केबल जळलीय, तीन तास तरी लागतील. बघता बघता खोली थंड झाली. धाकटीचं पोट गरम होतं, पण तळपाय गार लागले.

मी घाबरले नाही. इस्पितळातल्या नर्सने माझ्याकडून रोज करून घेतलं होतं: बाळाला नुसत्या लंगोट-टोपीवर आपल्या उघड्या छातीशी धरायचं आणि वरून गुंडाळायचं. दोघींना एकदम घेऊन पाहिलं, पण सिझेरियनच्या टाक्यांवर ताण यायला लागला.

घरात दुसरं मोठं माणूस म्हणजे माझे सासरे. ते कोळशाची शेगडी पेटवतो म्हणाले. बंद खोलीत धूर नको, असं मी सांगितलं. मग ते दारातच उभे राहिले. पोरी घरी आल्यापासून त्यांनी एकीलाही उचललं नव्हतं. लांबूनच बघायचे.

"बाबा, शर्ट काढा," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघतच राहिले. सुनेने सासऱ्याला असं सांगायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी कारण समजावलं, खुर्चीवर चादर टाकली आणि पाठ करून उभी राहिले. ते बसल्यावर धाकटीला त्यांच्या छातीवर पालथी ठेवली, तिची मान एका बाजूला वळवली आणि माझ्या जुन्या सुती साडीने दोघांना बांधून वर शाल घातली. थोरलीला मी घेतलं.

बाबा श्वासही जपून घेत होते. मग खिडकीकडे बघत ते बोलायला लागले. गावी वडीलधाऱ्यांसमोर पोराला घ्यायची लाज वाटायची, आणि मुंबईत आल्यावर कामाच्या पाळ्यांतून सवड मिळायची नाही. माझ्या नवऱ्याला त्यांनी पहिल्यांदा उचललं तेव्हा तो चालायला लागला होता.

मी शालीखाली हात घालून पाहिलं. धाकटीचे तळपाय गरम झाले होते.

"झालं ना बरोबर?" त्यांनी विचारलं.

"झकास," मी म्हणाले.

अधूनमधून दूध पाजायला तिला घेतलं, तेवढीच ती माझ्याकडे. साडेनऊला लाइट आली. मी तिला घ्यायला हात पुढे केले, तर बाबा म्हणाले, "राहू दे गं. आत्ताच झोप लागलीय."

नवरा आला, त्याने बापाला असं बसलेलं पाहिलं आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. दुसऱ्या दिवशी लाइट होती, हीटरही चालू होता. तरी बाबा आंघोळ उरकून आले आणि मला म्हणाले, आज थोरलीला दे.