दिव्यावरची टिकली

आमच्या अक्काच्या घरात तिचं कपाळ सोडून सगळीकडे टिकल्या होत्या. गॅसच्या बटणावर, जिथे आच बारीक होते, तिथे एक. मिक्सरच्या दोन नंबरवर एक. रिमोटवर आवाज वाढवायची हिरवी आणि कमी करायची लाल. तिचे यजमान, म्हणजे आमचे नाना, अचानक गेले तेव्हा कपाटात टिकल्यांची न फोडलेली पाकिटं तशीच होती. शेजारच्या बायकांनी हळूच सुचवलं की, आता देऊन टाका कुणाला तरी. अक्का म्हणाली, "कायले देऊ? कपायाले चालत नसतील तं कामाले लावू." आणि तिने खरोखरच त्या कामाला लावल्या.

अक्का माझी सख्खी आत्या. सावद्याला तिची केळीची शेती होती. मला तिथल्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी भाड्याची खोली बघतो म्हणालो. त्यावर, खोली घेतलीस तर मला तोंड दाखवू नकोस, असा तिचा निरोप आला. मग मी तिच्याकडेच राहिलो आणि तिच्या लाल गाडीचा साक्षीदार झालो.

गाडी नानांची. ते होते तोवर अक्का डावीकडे बसून डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. ते गेल्यावर मात्र तिची पंचाईत झाली. केळी कापणीच्या दिवशी शेतात वेळेवर पोचायचं तर कुणाच्या तरी मोटारसायकलची वाट बघावी लागे. ज्याला वेळ असेल तो त्याच्या सवडीने येई. ती पोचेपर्यंत घड मोजून ट्रक भरलेला असायचा आणि व्यापारी तिला गोड आवाजात सांगायचा की, अक्का, तुम्ही कशाला उन्हात आलात, घरीच सांगितलं असतं. हे 'घरीच सांगितलं असतं' तिला फार झोंबायचं. एक दिवस ती गाडी शिकायला गेली. शिकवणारा पहिल्याच दिवशी तिला अक्का म्हणाला आणि तिथेच त्याचा अधिकार संपला.

ती गाडी चांगली चालवायची, पण पुढेच. रिव्हर्स गियर तिला अपमानास्पद वाटे. गल्लीत समोरून ट्रॅक्टर आला तर ती इंजिन बंद करून निवांत बसून राहायची, ट्रॅक्टरवाल्यालाच काय ते सुचेपर्यंत. घर चुकून मागे पडलं तर ती सगळ्या गावाला वळसा घालून परत यायची. मी एकदा रिव्हर्स शिकवायला गेलो. ती म्हणाली, "मांगे जायाचं व्हतं तं आली कायले व्हती?" मी तो विषय सोडून दिला.

अशा गाडीत एका सकाळी समोर पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या चित्राचा. अक्काने तो दोन-तीनदा पुसून पाहिला. मग घरात जाऊन मोठी मरून टिकली आणली आणि त्या दिव्याच्या बरोब्बर वर चिकटवली. मी म्हटलं, अगं, गाडीला काहीतरी होतंय म्हणून दिवा लागतो. तिचं म्हणणं असं की, होत असेल, पण चालतेय ना. गुडघ्याबद्दलही तिचं मत हेच होतं.

पण हळूहळू गाडी पेट्रोल ढोसायला लागली. मागून काळा धूर निघायचा. अक्का आली हे गल्लीला आधी वासाने कळायचं, मग हॉर्नने. शेवटी एका बाजाराच्या दिवशी गाडी आचके देत भर चौकात बंद पडली. मागे केळीच्या ट्रकांची रांग लागली आणि ज्यांना अक्काच्या गाडी चालवण्याबद्दल मत नव्हतं, त्यांनाही ते त्या दिवशी सुचलं. त्यातल्याच कुणीतरी तिच्या मुलाला पुण्याला फोन केला. हेमंत शांत मुलगा. त्याने आईला शांतपणे सांगितलं की, रविवारी येतो आणि गाडी स्वतः चालवून बघतो. ठीक नसली तर लगेच विकायची, गिऱ्हाईक बघूनच येतो. गाडी कागदोपत्री त्याच्या नावावर होती, त्यामुळे हे नुसतं बोलणं नव्हतं.

त्या रात्री अक्का पहिल्यांदाच कमी जेवली. गाडी गेली असती तर पुन्हा ती मोटारसायकलची वाट, पुन्हा तो गोड आवाज. ती मला एवढंच म्हणाली की, मिस्तरीला बोलाव.

मिस्तरी मूळचा धुळ्याचा. सावद्याला येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण बोली त्याने धुळ्याचीच ठेवली होती. त्याने गाडीला मशीन जोडून पाहिलं आणि जाहीर केलं, "अक्का, गाडीनं नाक बंद पडी गयं शे." मग गाडीचं हे नाक म्हणजे काय, ते त्याने समजावलं. सायलेन्सरच्या नळीत एक सेन्सर बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो हुंगतो आणि इंजिनाला कळवतो. तो मेला की इंजिन आपलं अंदाजाने पेट्रोल ओतत बसतं. अक्काने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं की, मग इतके दिवस मागचा वास सगळी गल्ली घेत होती, ते फुकटच का.

नवा सेन्सर जळगावहून रविवारी सकाळी आला. हेमंत दुपारी येणार होता. जुना काढायला मिस्तरी गाडीखाली शिरला, पण तो गंजून नळीशी एकजीव झालेला. तेल सोडलं, पाना लावला, ढिम्म हलेना. नळी तापली तर सुटेल, जरा फिरवून आणू, असं मिस्तरी म्हणाला. त्याच्या मनात स्वतः फिरवून आणायचं होतं. तेवढ्यात अक्का गाडीत बसलीसुद्धा. ती त्याला शेजारी घालून रावेरच्या रस्त्याने जी गेली, ती परत आली तेव्हा नळी छान तापलेली होती आणि मिस्तरी गार पडला होता. जुना सेन्सर दुसऱ्या झटक्याला सुटला. मिस्तरीचं कोपर भाजलं, पण घरी जिवंत आल्याच्या आनंदात त्याने तक्रार केली नाही.

तो हात धुऊन चहा प्यायला ओट्यावर बसला. मीही बसलो. एवढ्यात जे व्हायचं ते झालं. आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय कामाला लागत नाही. ट्रॅक्टर असो, विहिरीवरची मोटर असो, हळदकुंकू लागतंच. आम्ही चहा संपवून गेलो तर नवा सेन्सर पाटावर, खाली तांदूळ, शेजारी नारळ, आणि सेन्सरच्या टोकाला, नेमक्या हुंगायच्या बारीक भोकांवर, ओल्या बोटाने भरभरून लावलेलं हळदकुंकू. अक्का हात जोडून उभी होती.

मिस्तरी पाटासमोर खालीच बसला. ज्या टोकाला हात लावायचा नाही, तेल लागू द्यायचं नाही, म्हणून त्याने तो डबीतच ठेवला होता, ते टोक नवरीसारखं सजलं होतं. दुसरा मागवायला वेळ नव्हता. त्याने कोरड्या फडक्याने जमेल तेवढं पुसलं, फुंकर मारली आणि अक्काकडे न बघता गाडीखाली गेला. मी गाडी सुरू केली. मागून आधी पांढरा धूर आला आणि मग अंगणभर हळद करपल्याचा वास सुटला. अक्का म्हणाली की, प्रसाद पोचला. मिस्तरीने मशीनवर जुनी तक्रार पुसली आणि आम्ही तिघंही इंजिनाकडे कान लावून बसलो. हळूहळू इंजिनाचा आवाज एकसारखा झाला.

हेमंत आला तो थेट गाडीतच बसला. मी मागे, अक्का त्याच्या शेजारी. त्याने फैजपूरच्या रस्त्याला गाडी पळवली, थांबवली, रिव्हर्स घेतला, तेव्हा अक्काने तोंड फिरवलं. गाडी गुणी बाळासारखी चालली. मग त्याला ती टिकली दिसली. त्याने एकदा आईकडे पाहिलं आणि नखाने टिकली उचलली. खाली काळंभोर. दिवा लागलेला नव्हता. हेमंतने टिकली परत होती तिथे चिकटवली आणि गाडी घराकडे वळवली. दारात उतरताना म्हणाला की, आई, सावकाश चालवत जा. अक्काने त्या संध्याकाळी त्याला भरीत-भाकरी वाढली आणि स्वतःही पोटभर जेवली.

त्यानंतर कापणीच्या दिवशी ट्रकाच्या आधी अक्का बांधावर उभी असायची. घड तिच्यासमोर मोजले जायचे. ही तिची चार-पाच वर्षं फार सुखाची गेली.

अक्काला जाऊन आता दोन उन्हाळे झाले. मला तिची आठवण आली की ती एकच संध्याकाळ डोळ्यासमोर येते. ती शेतातून नेहमीपेक्षा उशिरा आली. हॉर्न वाजला नाही म्हणून मी बाहेर गेलो. गाडी दारात उभी होती आणि ती आतच बसली होती. मी दार उघडल्यावर तिने कनवटीची चावी काढून माझ्या हातावर ठेवली.

"आज मले वळणावरची शेळी दिसली नाही," ती म्हणाली. "शेळी वाचली. उद्या तिथं लेकरू असलं तं?"

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलू, डॉक्टरला दाखवू. दाखवलं आहे, नंबर बदलून उपयोग नाही, ती म्हणाली. हेमंतला तिने वाटेतूनच फोन करून सांगूनही टाकलं होतं. ज्या गाडीसाठी तिने एवढा आटापिटा केला, ती तिने कुणी न मागता देऊन टाकली होती. ती उतरता उतरता थांबली आणि समोरच्या टिकलीकडे बोट करून म्हणाली, "आता तू चालवशील. दिवा लागला तं झाकत नको जाऊ."

"तू तर झाकलास," मी म्हणालो.

"मले जायाचं व्हतं ना, बापा."

दुसऱ्या दिवशी कापणी होती. सकाळी ती डावीकडच्या सीटवर येऊन बसली, पट्टा लावला, पदर सारखा केला. मी गाडी बाहेर काढायला रिव्हर्स टाकला, तेव्हा तिने नेहमीसारखं तोंड फिरवलं आणि रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "चाल आता. ट्रक यायाच्या आत पोचायचं हाये."