हत्तीभोवती भुलाबाई

आठवीत असताना मी शाळेत बोलणं बंद केलं होतं. वडलांना हडपसरच्या कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही वर्ध्याकडच्या गावातून पुण्यात आलो आणि माझं नाव नारायण पेठेतल्या मुलींच्या शाळेत घातलं गेलं. पहिल्याच आठवड्यात मी वर्गातल्या एकीला मायेने विचारलं, "काऊन रडून राहिली वं?" ती रडायची थांबली आणि हसत सुटली. मग तिची शेजारीण, मग अख्खी रांग. पोरी वाईट नव्हत्या, त्यातल्याच दोघी पुढे माझ्या जिवाभावाच्या झाल्या. पण तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्यांच्याशी बोलायचंच नाही, असं ठरवून टाकलं.

ते मी इतकं पाळलं की तोंडी परीक्षेतही ओठ उघडले नाहीत. शेवटी वडील म्हणाले, "दिवाळीनंतर तुले गावीच धाडतो, काकाजवळ." गावची शाळा आठवीपर्यंतच होती. त्यापुढे काय, हे घरात कुणी उच्चारलं नाही. माझ्या चुलतबहिणींची लग्नं कुठल्या वयात झाली ते मला ठाऊक होतं.

आमच्या वर्गशिक्षिका म्हणजे मराठीच्या बाई, पेठेतच वाढलेल्या. त्यांनी कौतुक केलं तरी टोमणा मारल्यासारखं वाटायचं. नवरात्रात शाळेच्या अंगणात भोंडला होता. पाटावर हत्ती काढून मध्ये ठेवला होता आणि मुली त्याच्याभोवती फेर धरून गात होत्या. मी भिंतीशी उभी होते.

"पाय दुखतात का?" बाईंनी विचारलं.

मी मान हलवली.

"मग? तुमच्याकडे मुली नवरात्रात काय करतात? हाताची घडी घालून बसतात?"

मला असा राग आला म्हणून सांगू! "आमच्याकडं महिनाभर भुलाबाई असते! रोज संध्याकाळी गाणी! कोजागिरीपर्यंत!" किती तरी दिवसांनी शाळेत माझा आवाज निघाला, तो असा ओरडत.

बाईंनी टाळी वाजवून फेर थांबवला. "हत्ती थांबेल जरा. त्याला कुठे जायचंय? आता हिचं गाणं."

मुलींनी मला फेरात ओढलं आणि मी खाली हत्तीकडेच बघत राहिले. बाईंनी धीर वगैरे दिला नाही. चपला काढल्या, फेरात माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू म्हण. मी मागून म्हणते." मी पुटपुटत एक ओळ म्हटली. बाईंनी ती मोठ्याने म्हटली, आणि देवा रे, किती बेसूर! शिवाय आमच्या गावाकडचे शब्द त्यांनी पुस्तकातल्यासारखे नीटनेटके करून टाकले. मुली हसल्या, पण ह्या वेळी बाईंना. मला राहवेना. "असं नाही बाई, 'मले' म्हणा. 'मला' नाही." बाईंनी 'मले' म्हटलं. तेही चुकीच्या ठिकाणी हेल काढून. मी परत म्हणून दाखवलं. तिसऱ्या ओळीला सगळा फेर माझ्या मागून म्हणत होता.

खिरापत ओळखायची वेळ आली. आईने दिलेला डबा सगळ्यांनी हलवून पाहिला, वास घेतला, पण लाल भोपळ्याची गोड बोंडं कुणालाच ओळखता आली नाहीत. डबा मात्र क्षणात रिकामा झाला.

मग बाईंनी तोंडी परीक्षाच बदलली. पाठ केलेल्या कवितेऐवजी आपल्या घरातली एखादी रीत सांगायची. "घरी बोलता तसं बोला. लिहाल तेव्हा पुस्तकातलं लिहा, दोन्ही यायला हवं." मी भुलाबाईला ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मांडव कसा घालतात ते सांगितलं. माझ्यापुढच्या बाकावरची मुलगी घरी तेलुगू बोलायची. तिने फुलांची उतरंड रचून बायका तिच्याभोवती कशा टाळ्या वाजवत फिरतात ते सांगितलं. तीही वर्गात फारसं बोलायची नाही, आणि माझ्या रागात मला ते दिसलंच नव्हतं.

हे सगळं घरी सांगूनही वडलांचा विचार पक्काच होता. सुट्टी लागायच्या आधी ते बाईंकडे दाखला मागायला आले. "इथं इचं मन नाही लागून राहिलं, मॅडम," ते म्हणाले. मी दाराशी उभी.

बाईंनी चष्मा काढला. "अहो, असं कसं? तिने वर्गाला गाणी शिकवायला घेतलीत. काम अर्धवट टाकून कशी जाईल? गाणी शिकवून झाली की आपण या."

वडलांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकवून राहिली? ह्या पोरींले?"

"हो," मी म्हणाले. वडील खुर्चीवरून उठले आणि दाखल्याचं काही न बोलता बाईंना नमस्कार करून निघाले.

आज मी हडपसरलाच शिकवते. माझ्या वर्गात नांदेडची मुलं आहेत, बिहारची आहेत, इथलीही आहेत. एखादं पोर गप्प बसलं की मी त्याच्या घरची गोष्ट विचारते आणि त्याचे शब्द मुद्दाम त्याच्या मागून चुकत म्हणते. बाई मुद्दाम बेसूर गायल्या की खरंच तशा होत्या, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांचे उपकार मात्र मी रोज आठवते.

दाखला मी दहावीनंतर घेतला, पुढे शिकण्यासाठी. तो हातात देताना बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "झाली का गं गाणी शिकवून?"

माझे डोळे भरून आले होते. "नाही बाई," मी म्हणाले, "तुम्हाले अजून एक बी नीट येत नाही."