गालावरचा थेंब

इथे या ग्रुपवर येणारे अनुभव मी नियमित वाचतो, आणि खरं सांगायचं तर वाचून हसतो. सगळी उमर कारखान्यात टूलरूममध्ये गेली. ज्याला माप लावता येत नाही ते नसतंच, असं मानणारा मी माणूस. घरात गणपती आणतो, पण तो आपला रिवाज म्हणून. भूतखेत, संकेत, कोण येऊन उभं राहिलं वगैरे... आमच्या गावाकडे असल्या गोष्टींचा सुकाळ, म्हणून तर माझा विश्वास लहानपणीच उडाला.

तरी लिहितोय. जे घडलं त्याला चार वर्षं होतील. त्यातलं अर्धं फक्त माझ्या सुनेला माहीत आहे. उरलेलं अर्धं त्याच्या खूप आधीचं आहे आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. पण ते सांगितल्याशिवाय पहिलं कळणार नाही, म्हणून दोन्ही सांगतो.

मुलुंड पूर्वेला आमची तिसऱ्या मजल्यावरची जागा. मी, मुलगा आणि सून मेघना. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्या उन्हाळ्यात मला कपाळावर डाव्या बाजूला नागीण उठली. फोड सुकले, पण दुखणं डोळ्यात उतरलं. घाटकोपरला डोळ्यांच्या एक डॉक्टर आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कापसाची वात करून डोळ्याजवळ आणली आणि म्हणाल्या, "काका, कळतंय?"

मी म्हटलं, "काय कळायचंय?"

"मी आत्ता कापूस लावला तुमच्या बुबुळाला."

मला काहीच कळलं नव्हतं. नागिणीमुळे डोळ्याची संवेदनाच गेली होती. बाई म्हणाल्या, डोळ्याला दुखलं की तो मिटतो, पाणी आणतो, स्वतःला सांभाळतो. तुमच्या डोळ्याला आता काही कळतच नाही, त्यामुळे कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर, जखम झालीय आणि ती भरत नाहीये. त्यांनी बाहेरच्या कोपऱ्याला वरची आणि खालची पापणी टाके घालून थोडी जोडून टाकली, डोळा कमी उघडा राहावा म्हणून. आणि माझ्याच रक्तातून थेंब बनवले. दंडातून रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, वर जे पिवळसर पाणी येतं त्याचे थेंब. त्याने पडदा नव्याने धरतो म्हणे. बाटल्या फ्रीझरमध्ये, चालू बाटली फ्रिजच्या दारात.

मेघनाने पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. "बाबा, तुमचं रक्त आणि माझी सुरमई शेजारी शेजारी. आई असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं."

"तुला नाही. सुरमईला काढलं असतं."

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, दर दोन तासांनी थेंब, चुकवायचे नाहीत. जखम भरली नाही तर बाळंतपणातल्या वारेवरचं पातळ पटल आणून डोळ्यावर लावू, नाहीतर पापण्या पूर्ण शिवू. पण पडद्याला भोक पडलं तर डोळा हातचा जाईल. सकाळ-संध्याकाळ मेघना थेंब घालायची. दुपारी ती आणि मुलगा ऑफिसला, कामवाली बारालाच जाते. दुपार माझ्यावर. माझा हात कापतो. त्यात जेवून दिवाणावर पडलो की डोळा लागायचा, मोबाईलचा गजर वाजून गप्प व्हायचा. संध्याकाळी मेघना विचारायची, "दुपारचे घातलेत ना?"

मी म्हणायचो, "झालं."

हा शब्द माझ्या तोंडून आला की मी तिच्याकडे न बघता उठून आत जायचो. आता त्याचं कारण सांगतो.

मी बाविशीत गावाहून आलो तेव्हा दादा-वहिनीकडे विक्रोळीला कन्नमवार नगरात राहायचो. एक खोली, दादा कंपनीत शिफ्टला, मी बेकार. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी पाटी-दप्तरवाला होतो. आई लवकर गेली, तेव्हा मला तिनेच वाढवलं म्हणायला हरकत नाही. तिचं मालवणी मुंबईत येऊनही कधी सुटलं नाही. मला ती बाबल म्हणायची.

तिच्या कानामागे गाठ निघाली. ऑपरेशनने जीव वाचला, पण चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. डावा डोळा मिटेना आणि त्या डोळ्याला काही कळेना. माझ्यासारखंच, फक्त कारण वेगळं. हॉस्पिटलवाले म्हणाले, पापण्या शिवून टाकू. दादा म्हणाला, शिवलेला डोळा घेऊन बाई चाळीत कशी वावरेल, आम्ही थेंब घालू. सकाळी आणि रात्री तो घालायचा. दुपारचं काम माझं.

"एक काम दिलंय तुला," दादा म्हणाला होता. "तेवढं नीट कर. परत तक्रार आली ना, तर गाडीत बसवीन. गावाला जाऊन आंब्याची राखण कर."

फ्रिज नव्हता. वहिनी थेंबांची बाटली स्टीलच्या वाटीत पाणी घालून त्यात उभी करून ठेवायची, गार राहावी म्हणून. दुपारी चटईवर पडायची आणि हाक मारायची. मी वाटीतून बाटली उचलायचो, तिच्या डोक्याशी बसायचो... आणि मला तो डोळा बघवायचा नाही. लाल, उघडा. ती मिटायला जायची तसं बुबुळ वर जायचं आणि नुसतं पांढरं दिसायचं. मला शिसारी यायची. जिने मला भरवलं तिच्या डोळ्याची मला शिसारी यायची, हे लिहितानाही हात थांबतो.

मग मी एक युक्ती काढली. डोळ्याला तर काही कळत नाही. मी तोंड फिरवून थेंब तिच्या गालावर टाकायचो आणि तिच्याच पदराने पुसायचो.

"घातलंस मा रे?"

"झालं."

"मगे जा. खाली तुझे दोस्त बोंबलतत."

पावसाळा संपायच्या आत डोळ्यात पांढरं पडलं आणि मग भोक. तो डोळा गेला. दादा तिच्यावरच ओरडला. "सारखी पदराने पुसत बसतेस. किती वेळा सांगितलं?" मी दाराशी उभा होतो. वहिनीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "माझोच हात लागलो असतलो."

पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, वेगळं बिऱ्हाड झालं. वहिनी जन्मभर काळा चष्मा घालून राहिली. सणाला भेटायचो. तिच्या हातचं जेवायचो. दर वेळी वाटायचं, आज सांगू. माझ्या आजारपणाच्या सहा-सात वर्षं आधी ती गेली. दादा तिच्या आधी.

आता पुन्हा माझ्या डोळ्याकडे येतो.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरबाई नाराज झाल्या. जखम तसूभर हलली नव्हती. "काका, पुढच्या खेपेला असंच दिसलं तर पापण्या पूर्ण शिवेन." मी मान हलवली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा झोपलो.

उठलो तेव्हा डावा गाल ओढल्यासारखा वाटत होता. हे रक्ताचं पाणी सुकलं की चिकट होतं, कातडी आवळते. आरशात बघितलं तर दोन ओघळ सुकलेले. एक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकाच्या कडेने आलेला. दुसरा गालाच्या मध्यावरून सुरू झालेला, पुसल्यासारखा फिसकटलेला... त्याच्या वर काही नाही, कातडी कोरडी.

मला वाटलं मीच घातले असतील अर्धवट झोपेत, हात कापून एक गालावर पडला असेल. बाहेर आलो. दिवाणाजवळच्या टीपॉयवर थेंबांची बाटली होती. स्टीलच्या वाटीत, पाण्यात उभी.

संध्याकाळी मेघना चिडली. "बाबा, फ्रिज आहे ना? वाटीत काय ठेवता?"

मी म्हटलं, "चुकलं."

मग ते रोजचंच झालं. झोपून उठावं तर गालावर दोन ओघळ आणि टीपॉयवर वाटी. दाराची कडी मी आतून लावलेली असायची. मला सुरुवातीला भीतीच वाटली. गालावरचा तो ओघळ मला चांगला ओळखू येत होता. मनात आलं, हिशोब चुकता होतोय. म्हणून मग एक दिवस जागा राहायचं ठरवलं, चहा घेतला, खुर्चीत ताठ बसलो, तर खुर्चीतच डोळा लागला. उठलो तर वाटी खुर्चीशेजारी स्टुलावर.

पण डॉक्टरबाईंनी तपासलं आणि हसल्या. "काका, भरतेय की जखम. दुपारचे थेंब कोण घालतं? छान घालतंय."

मी म्हटलं, "मीच."

रिक्षात बसल्यावर माझं डोकं चालेना. सूड घ्यायचा असता तर डोळ्यात कशाला घातले असते? आणि माया असेल तर तो गालावरचा थेंब कशासाठी?

मेघनाला शंका आली होती. मी वेगळंच काहीतरी वागतोय, विसरतोय, असं तिला वाटलं असावं. तिने एक दिवस घरून काम घेतलं आणि हॉलमध्येच माझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसली. मी झोपलो. उठलो तेव्हा ती कानातला हेडफोन काढून टीपॉयकडे बघत होती.

"बाबा, ही वाटी कधी आली?"

"तूच ठेवली असशील."

"मी कॉलवर होते. जागची हलले नाही."

"मग मी उठलो असेन."

"तुम्ही उठला नाहीत. मी समोरच बसलेय ना." तिने लॅपटॉप मिटला. "एकदा झोपेत बोललात फक्त."

"काय?"

"झालं, असं म्हणालात. कोणीतरी विचारल्यासारखं."

त्यानंतर तिने वाटीबद्दल मला कधी टोकलं नाही. मुलाला तिने काही सांगितलं नसावं, कारण त्याने मला चिडवलं नाही.

एक गोष्ट मला या आजारात कळली, जी बावीस वर्षांच्या मला कळायला हवी होती. मेघना थेंब घालायची तेव्हा डोळ्याला कळायचं नाही हे खरं. पण डोळा भरायचा आणि जास्तीचं पाणी पापणीवरून नाकाच्या कडेने खाली यायचं. यायला जरा वेळ लागतो. आणि येईपर्यंत ते अंगाच्या उबेने कोमट झालेलं असतं. थेट गालावर थेंब पडला तर तो गार असतो, एकदम पडतो. वहिनीच्या डोळ्याला कळत नव्हतं, गालाला कळत होतं. म्हणजे तिला पहिल्याच दुपारी कळलं असणार. आणि ती रोज विचारत राहिली, घातलंस मा रे? दादाला एक शब्द सांगितला असता तर मी गाडीत बसलो असतो. बहुतेक म्हणूनच नाही सांगितलं. की ती वाट बघत होती, उद्या तरी हा नीट घालील म्हणून? मला माहीत नाही. हे तिला विचारायला हवं होतं.

हे सगळं लक्षात आल्यावर मी ठरवलं, आता बोलायचं. जे असेल ते असो. त्या दुपारी जेवलो नाही, म्हणजे सुस्ती येणार नाही. दिवाणावर आडवा झालो, उजवा डोळा मिटला. डाव्याने तेव्हा नुसता दुधाळ उजेड दिसायचा. खाली सोसायटीत कोणीतरी गाडी धूत होतं, पाइपच्या पाण्याचा आवाज येत होता. मी शंभर टक्के जागा होतो, हे शपथेवर सांगतो.

गालाच्या मध्यावर गार थेंब पडला.

मी हललो नाही. कापडाने तो पुसला गेला. जुन्या, बऱ्याच धुतलेल्या सुती कापडाने. मग काही वेळ काहीच नाही. मग नाकाच्या कडेने कोमट ओघळ आला.

भीती वाटली नाही. काय होतं ते सांगता येत नाही... कोणीतरी आपल्याला काही करून दाखवतंय, असं वाटलं. असं घालतात रे, म्हणून. पण हा माझा अर्थ झाला. दुसरं काही असेलही. मी तोंड उघडलं. सगळं वाक्य तयार होतं, कित्येक वर्षं तयार होतं. आणि माझ्या तोंडून निघालं ते, "झालं."

सवयीने. नुसत्या सवयीने.

उजवा डोळा उघडला तेव्हा हॉलमध्ये कोणी नव्हतं. टीपॉयवर वाटी होती, पाणी अजून हलत होतं.

त्यानंतर ते परत घडलं नाही. पुढच्याच खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या, जखम पूर्ण भरली, हे थेंब आता बंद. डोळ्याला अजून काही कळत नाही, पण मोठी अक्षरं दिसतात.

तुमच्यातले काही म्हणतील, म्हातारा झोपेत स्वतःच घालत होता. असेलही. मग मेघनाला ते दिसलं का नाही? कापणाऱ्या हाताने थेंब डोळ्यात नेमका कसा पडायचा? ती वाटी वगैरे माझ्याच मनाने मांडली म्हणावं, तर पाण्याने टीपॉयवर उठलेला गोल डाग मेघना आजही पुसते, तो जात नाही. मला यातलं काहीच जुळवता आलेलं नाही.

अजूनही दुपारी मी वाटीत पाणी घालून ठेवतो आणि जागा राहतो. पाणी जसंच्या तसं असतं. एकट्या घरात मोठ्याने बोलून बघितलं, पण समोर कोणी नसताना ते खरं वाटत नाही, आणि समोर कोणी होतं तेव्हा मी काय बोललो ते तुम्ही वाचलंत. म्हणून इथे लिहितो, तिला वाचता येत असो वा नसो.

वहिनी, झालं नव्हतं. एकदाही झालं नव्हतं. मी थेंब तुझ्या गालावर टाकत होतो. मला माफ कर.